क्रोएशियनमधले 'दोन': आधी मराठीत म्हणून बघा

क्रोएशियन शिकताना माणसं मोजायची वेळ आली की 'द्वोयित्सा', 'द्विये' आणि 'द्वोये' यांत गोंधळ उडतो. तक्ते पाठ करू नका. वाक्य आधी मराठीत म्हणा:

१. दोघे (फक्त पुरुष): द्वोयित्सा. द्वोयित्सा स्तुदेनाता, म्हणजे दोघे विद्यार्थी.

२. दोघी: द्विये. द्विये स्तुदेन्तित्से, दोघी विद्यार्थिनी.

३. दोघं (एक बाई, एक पुरुष): द्वोये. 'आम्ही दोघं' म्हणजे 'नास द्वोये'. हॉटेलात दोघांसाठी टेबल हवं असेल तरी 'स्तोल झा द्वोये' म्हणायचं, कोण येणार ते सांगायची गरज नाही.

तिघे, तिघी, तिघं यांचंही तसंच: त्रोयित्सा, त्री, त्रोये. मराठी चौघांपाशी दमते आणि 'पाच जणां'वर येते. क्रोएशियन मात्र पेतेरो, शेस्तेरो करत पुढे जाते.

एकच सांभाळा: मुलांसाठीच्या 'द्येत्सा' या शब्दाला नेहमी तिसरंच रूप लागतं, दोन्ही मुलगे असले तरी 'द्वोये द्येत्से'. आणि टेबल-खुर्च्यांना द्वोयित्सा किंवा द्वोये नको. तिथे साधं द्वा किंवा द्विये.