वांग्याचा संकर स्थिर करायचा तर दुसऱ्या पिढीला एक गुंठा द्या

हायब्रीड वांग्याचं बी घरी धरलं आणि पुढच्या वर्षी कुठे हिरवं, कुठे लांबट, कुठे काटेरी असं भलतंच फळ लागलं, ही तक्रार हवेली, पुरंदर, दौंडकडे नेहमी कानावर येते. मग बियाणं बिघडलं म्हणत सगळा प्लॉट उपटला जातो. कृपा करून उपटू नका. बी बिघडलेलं नसतं. पहिल्या पिढीत, म्हणजे हायब्रीडमध्ये, प्रत्येक झाडाला दोन्ही पालकांकडून तोच वाटा मिळतो, म्हणून सगळी झाडं सारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत ते गुण सुटे होऊन नव्याने जुळतात. नवा वाण हाती लागायचा तो इथेच.

सध्या डिसेंबर आहे आणि रब्बीचं वांगं फुलावर आलंय. स्वतः संकर करायचा तर हीच वेळ. समजा, मांजरी गोटा या वाणाची चव आणि पांढऱ्या पट्ट्यांचं गोल फळ ठेवायचंय, पण देठावरचे काटे घालवायचे आहेत. मांजरी गोटा मादी आणि बिनकाट्याचा वाण नर धरा. वांग्याची सगळी फुलं फळ धरत नाहीत. ज्या फुलात कुक्षी, म्हणजे पराग धरणारं मादी टोक, पिवळ्या पुंकेसरांच्या वर डोकावते, तेच फूल निवडा. आखूड कुक्षीचं फूल बहुधा गळून पडतं. उद्या उमलेल अशी टपोरी कळी आज संध्याकाळी चिमट्याने अलगद उघडा, पुंकेसर मुळापासून काढा आणि बटर पेपरची पिशवी चढवा. वांग्याचे परागकण पुंकेसराच्या टोकाच्या छिद्रांतून बाहेर पडतात आणि थंडीत ही छिद्रं उशिरा उघडतात. म्हणून पहाटे घाई करू नका. ऊन वर आलं की नर फूल नखावर टिचकवून पराग घ्या, कुक्षीला लावा, पिशवी परत बांधा आणि देठाला तारखेचं लेबल लावा. फळ पिवळं-तपकिरी होईपर्यंत झाडावरच राहू द्या. भाजीसाठी तोडतो त्या अवस्थेतलं बी कच्चं असतं.

हे बी खरिपात लावलं की पहिली पिढी मिळेल. तिची थोडीच झाडं पुरेत, निवड करायची नाही, फक्त फुलं पिशवीत ठेवून स्वतःच्याच परागाने धरलेलं बी घ्यायचं.

खरं काम दुसऱ्या पिढीत आहे आणि नेमकी इथेच कंजुशी होते. काटे नसणं हा एकाच जनुकजोडीवरचा सुप्त गुण (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा) असेल तर तो चारात एका झाडावर दिसतो. असे दोन सुप्त गुण एकत्र हवे असतील तर सोळात एक, तीन हवे असतील तर चौसष्टात एक. आणि सोळात एक म्हणजे सोळा झाडं लावली की एक हमखास मिळतं असं नव्हे. शंभरात पंच्याण्णव वेळा एक तरी झाड मिळावं यासाठी दोन गुणांना ४७ झाडं लागतात, तीन गुणांना १९१. पंचवीस-तीस झाडं लावून ‘काही निघालं नाही’ म्हणणाऱ्यांचं गणित इथे चुकतं. ७५ बाय ६० सेंटिमीटरवर २०० झाडं एका गुंठ्यात मावतात. जिरायत शेतकऱ्यालाही ठिबकवर एवढी जागा सांभाळता येते.

या पिढीत डोळ्यांना दिसणारे गुण पाहा: रंग, आकार, काटे, झाडाचा पसारा. उत्पादनावर एकेका झाडाची निवड करू नका. बांधाकडेच्या झाडाला ऊन जास्त मिळतं, ड्रिपर गळतो तिथलं झाड फोफावतं; दोन्ही फसवतात. पर्णगुच्छ झालेली (बारीक पानांचा गुच्छ झालेली) झाडं मात्र लगेच काढा, तो रोग तुडतुडे पसरवतात.

निवडलेल्या प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवा, एकत्र मिसळू नका. तिसऱ्या पिढीत प्रत्येक झाडाच्या बियांची स्वतंत्र ओळ लावा. झाडाची खरी ओळख त्याच्या लेकरांच्या ओळीवरून कळते. ओळ एकसारखी दिसली तर तो गुण स्थिर होत आलाय. ओळीत पुन्हा काटेरी झाडं दिसली तर अजून सुटतोय. दर दहा ओळींनंतर मांजरी गोट्याची एक ओळ ठेवा, म्हणजे तुलना जागेवरच होईल. उत्पादन चौथ्या-पाचव्या पिढीपासून ओळवार मोजा.

स्वपरागीकरण काटेकोर ठेवलं तर न स्थिरावलेल्या जनुकजोड्या दर पिढीत निम्म्या होतात: दुसरीत ५० टक्के, तिसरीत २५, चौथीत १२.५, पाचवीत ६.२५, सहावीत सुमारे ३. वांग्यावर भुंगे येतात, म्हणून पिशवी किंवा शेडनेट सोडू नका. पुढे वाण बीजोत्पादनाला घ्याल तेव्हा इतर वांग्यांपासून २०० मीटर अंतर ठेवा.

वर्षात दोन पिढ्या घेता येतात, पण निवड तुम्ही ज्या हंगामात माल विकणार त्याच हंगामात करा. उन्हाळी पिढी फक्त पुढे सरकवायला वापरा.

वाण स्थिर झाला की २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला तो स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. त्यासाठी पिढीवार वही, तारखा आणि फोटो आजपासूनच ठेवा. नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ही वही घेऊन गेलात तर बोलणं मुद्द्याचं होईल. आणि प्रत्येक पिढीचं निम्मं बी सावलीत वाळवून हवाबंद डब्यात राखून ठेवा. गारपिटीने ओळ गेली तरी त्याच पिढीपासून पुन्हा सुरू करता येतं.