तमालेस दडदडीत होतात? पिठातल्या आणि वाफेतल्या या चुका टाळा

मेक्सिकोत 6 जानेवारीला रोस्का दे रेयेस हा गोल गोड पाव कापतात. ज्याच्या वाट्याच्या तुकड्यात बाळ येशूची छोटी बाहुली निघेल, त्याने 2 फेब्रुवारीला, म्हणजे कांदेलारियाच्या सणाला, सगळ्यांना तमालेस खाऊ घालायचे. तमालेस म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, पानात गुंडाळून वाफवलेले उंडे. नाताळच्या आदल्या रात्रीही पंगतीत तमालेस असतातच. एकेका घरात शंभरावर होतात, म्हणून सगळं घर बसून ते वळतं. एवढी मेहनत वाया जाते ती बहुतेक वेळा पिठामुळे. सारणात घातलेला जीव पिठात घालत नाहीत, ही पहिली चूक.

दुसरी चूक दुकानातच होते. आपलं भाकरीचं मक्याचं पीठ इथे अजिबात चालत नाही. तमालेससाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, धुऊन दळतात. चुन्याने दाण्याची साल सुटते आणि पिठाला चिकटपणा येतो. शिवाय मक्यातलं नायसिन अंगी लागतं, म्हणून ही जुनी रीत पोषणासाठीही मोलाची आहे. या पिठाला तिथे ‘मासा’ म्हणतात, वाळवलेल्याला ‘मासा आरिना’. पाकिटावर हेच नाव बघून घ्या. आरेपा या दक्षिण अमेरिकेतल्या मक्याच्या भाकरीचं पीठ दिसायला तसंच असतं, पण ते चुन्यातलं नसतं.

आता फेटणं. 4 कप मासा आरिनाला साधारण 225 ग्रॅम डुकराची चरबी लागते. ती चालत नसेल तर वनस्पती तूप किंवा लोणी घ्या. तेल नको, त्यात हवा धरून राहत नाही. आधी नुसती चरबी पांढरी, फुललेली होईपर्यंत फेटा. मग पीठ, मीठ, थोडी बेकिंग पावडर आणि कोमट रस्सा (मांस किंवा भाज्या उकळलेलं पाणी) थोडा थोडा घाला. भिजलेलं पीठ चमच्याने सहज पसरलं पाहिजे. मोदकाच्या उकडीपेक्षा बरंच सैल. बोराएवढी गोळी गार पाण्याच्या पेल्यात सोडा. तरंगली तर पीठ तयार. बुडाली तर अजून फेटा, कंटाळू नका. दडदडीत तमालेसचं मूळ नव्वद टक्के इथेच सापडतं, असं माझं ठाम मत आहे.

सारण गार आणि घट्ट हवं. रस सुटला की पीठ फाटतं. तिखट-मीठ जरा चढं ठेवा, कारण पीठ चव खातं.

कणसाची वाळकी पानं गरम पाण्यात तासभर तरी भिजवा, नाहीतर दुमडताना चिरतात. पीठ गुळगुळीत बाजूवर लावायचं. मेक्सिकोच्या वाहाका, युकातान भागात केळीचं पान वापरतात. ते आधी आचेवर फिरवून मऊ करावं लागतं.

पातेल्यात तमालेस उभे लावा, उघडं तोंड वर, खेटून पण कोंबून नाही. पीठ फुगायला जागा हवी. पाणी जाळीच्या खालीच राहिलं पाहिजे. वरून उरलेली पानं, ओलं फडकं, मग झाकण. तळाशी एक नाणं टाकायची मेक्सिकन युक्ती जरूर करा: पाणी उकळतंय तोवर ते खुळखुळतं, आवाज थांबला की पाणी संपत आलं. भर घालायची तर आधणाचंच पाणी, कडेने.

तासाभराने एक काढून बघा. पान चिकटलं म्हणून घाबरू नका. वाफेतून काढल्याबरोबर ते चिकटतंच. 10-15 मिनिटं थांबा. पान स्वच्छ सुटलं तर झाले. तरीही चिकटलं तर आणखी 20 मिनिटं वाफ द्या.

उरलेले पानासकट तव्यावर ठेवा आणि पान काळसर होईस्तोवर फिरवत राहा. आतल्या पिठाला खरपूस पापुद्रा धरतो.