बाळाला कमी ऐकू येतं असं कळलंय, आता घरी काय काय करायचं

सगळ्यात आधी, थांबू नका. "काही मुलं उशिरा बोलतात, होईल आपोआप" असं दहा जण सांगतील, आणि टाळी वाजवली की बाळ वळतं म्हणून आपल्यालाही वाटतं सगळं ठीक आहे, पण टाळीची हवा लागते, हात हललेला दिसतो, बाळ त्यावर वळत असतं. आमचं असंच फसलं आणि त्यात बरेच महिने गेले. खरं काय ते ओएई (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात) आणि बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात) या टेस्टमध्येच कळतं, बाळ झोपलेलं असताना होतात, दुखत नाही काही. 1 महिन्याच्या आत स्क्रीनिंग, 3 महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि 6 महिन्यांच्या आत कानाचं मशीन (हिअरिंग एड) आणि ऐकण्या-बोलण्याची थेरपी सुरू, हे टार्गेट धरायचं. उशीर झाला असेल तर रडत बसू नका, आजपासून सुरू करा.

मशीन बसवलं म्हणजे काम झालं असं नाही हो, काम तिथून सुरू होतं. बाळ जागं असेल तेवढा वेळ मशीन कानात हवं. सुरुवातीला ते ओढून काढणारच, माझी मुलगी तर काढून सरळ तोंडात घालायची, न रागावता परत लावायचं, परत काढलं तर परत लावायचं, आणि दोरीवाली क्लिप कपड्याला अडकवून ठेवायची म्हणजे हरवत नाही. शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर बहुतेक वेळा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला कानात बसणारा भाग, सैल झालेला असतो, बाळाचा कान वाढतो ना, म्हणून पहिली एक-दोन वर्षं दर काही महिन्यांनी नवा मोल्ड करावा लागतो. रात्री मशीन ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या डबीत. आणि सेलचं झाकण लॉकवालंच घ्या, बटण सेल गिळला तर थेट हॉस्पिटल, घरी वाट बघायची नाही.

रोज सकाळी मशीन लावलं की सहा आवाज काढून बघा: आ, ऊ, ई, म, श, स. याला लिंग (Ling) टेस्ट म्हणतात, हे ती बनवणाऱ्या डॅनियल लिंग यांचं आडनाव आहे. तोंड दिसणार नाही असं मागे किंवा बाजूला बसून बोला आणि बाळ थबकतं का, डोळे मोठे करतं का, वळतं का ते बघा. काल 'श' ऐकत होतं आणि आज नाही असं झालं तर आधी सेल बदला, मग मोल्डमध्ये मळ अडकलाय का बघा, तरीही नाही तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाला फोन.

आता बोलणं. टीव्ही बंद, हाताच्या अंतरावर बसा, लांबून ओरडून उपयोग नाही, ओरडल्याने शब्द उलट फाटतात. वेगळा अभ्यास घ्यायची गरज नसते. शर्ट घालताना "बटण कुठेय? हे बटण. लावूया बटण. लागलं!" एवढंच, आणि मग गप्प. मनात पाच आकडे मोजा आणि त्याच्याकडे बघत थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड जातं पण बाळाचा पहिला 'ब' त्या शांततेतच येतो.

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही अशी भीती घालतात लोक, तसं काही होत नाही. ती पूर्ण भाषा आहे, आणि मेंदूला पहिल्या वर्षांत कुठली तरी भाषा पोटभर मिळणं महत्त्वाचं, कानातून मिळो की डोळ्यांतून. फक्त घरातल्या सगळ्यांनी शिकायची, एकट्या आईने नाही. ऐकणं खूपच कमी असेल आणि मशीनने भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात ते यंत्र) लवकर विचारा, पण ऑपरेशननंतरही ऐकायला शिकवावंच लागतं, मूल लगेच बोलायला लागत नाही.

बालवाडीत घालाल तेव्हा पहिल्या दिवशी बाईंसोबत दहा मिनिटं बसा. मूल पुढे बसवा, खिडकी बाईंच्या पाठीमागे नको कारण मग त्यांचा चेहरा काळोखा दिसतो, फळ्याकडे तोंड करून बोलू नका म्हणावं. सेल कसा बदलायचा ते त्यांच्याच हाताने एकदा करून घ्या, आणि दप्तराच्या छोट्या कप्प्यात कायम सेलचं एक जादा पाकीट ठेवा, कुठे ठेवलंय ते बाईंना दाखवून.