मुरुमांवरचं ट्रेटिनॉइन क्रीम: वाटाण्याएवढंच पुरे

डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन लिहून दिलं असेल तर ते रात्रीच लावा. उजेडात ते निकामी होत जातं. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन, टिपून, 20 ते 30 मिनिटं थांबा. ओलसर त्वचेवर लावलं की जास्त चुरचुरतं. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं क्रीम पुरतं. कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पातळ पसरवा. फक्त पुळीवर थापू नका, कारण हे औषध नवीन मुरूम येणं रोखण्यासाठीही असतं. डोळे, नाकपुड्या, ओठांचे कोपरे टाळा.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सुरुवातीला एक रात्र आड लावा. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा सोलवटते, कधी मुरूम वाढलेलेही दिसतात. बरेच जण इथेच कंटाळून सोडतात, आणि तीच चूक! फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. कोरडेपणाला मॉइश्चरायझर लावा. स्क्रब आणि वॅक्सिंग बंद. फार आग किंवा सूज असेल तर मात्र थांबून डॉक्टरांना विचारा.

दिवसा किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन हवंच. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधीच सांगा, हे क्रीम चालत नाही.