बारा कथा, पाच जणी: कथासंग्रह मिळून कसा वाचायचा

कादंबरी मिळून वाचणं सोपं. "पुढं काय झालं" एवढ्यावर तासभर गप्पा होतात. कथासंग्रह घेतला की पहिल्याच बैठकीला गाडं अडतं. आमचंही अडलं. सोलापुरात आम्ही पाच जणी महिन्यातून दोनदा चार वाजता माझ्या गच्चीवर जमतो. मे २०२५ मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं, तेव्हा उत्साहाच्या भरात मी सगळ्यांना "पूर्ण वाचून या" म्हणाले. आल्या की वाचून! पण कुठली सासू कुठल्या कथेतली, हेच कुणाला सांगता येईना. "यात सगळ्या बायका रडतात बाई," म्हणून दोघींनी शेंगाचटणीकडे मोर्चा वळवला.

चूक माझी होती. एका बैठकीला एकच कथा. बारा कथांना सहा महिने लागले, लागू देत. बानूबाईंनी त्या १९९० ते २०२३ या काळात लिहिल्यात. एका रविवारात उरकायची घाई आपल्यालाच.

क्रमही आपण ठरवावा. 'हार्ट लॅम्प' ही कथा आधी घेऊ नका. मेहरून माहेरी येते, माहेरचे तिला परत नवऱ्याच्या दारात सोडतात, आणि रात्री ती स्वतःला पेटवून घ्यायला निघते. हे वाचून कुणाला बोलावंसं वाटत नाही. आधी 'रेड लुंगी' घ्या. सुट्टीत पोरांनी घर डोक्यावर घेतलेलं, आणि कावलेल्या आईला त्यावर उपाय सुचतो तो सुंता करून पोरांना अंथरुणात बसवण्याचा. आम्ही हसत हसत आत शिरलो आणि मग हसू अर्ध्यात थांबलं. गरिबाच्या पोराची सुंता न्हाव्याकडून, घरच्या मुलाची डॉक्टरकडून. आणि खडखडीत बरा होतो तो गरिबाचा.

आता माझी खरी युक्ती. कथेचा 'संदेश' विचारूच नका; तो विचारला की सगळ्या शाळेतल्यासारख्या बोलायला लागतात. कथेतली एक वस्तू धरा. ती कुणाची, पैसे कुणी दिले, शेवटी ती कुठं आहे, एवढंच विचारा. लुंगीचं कापड कोण देतं आणि ती कोण नेसतं, हे बोलता बोलता कथेतली श्रीमंती-गरिबी आपोआप बाहेर आली. 'द श्राउड'मध्ये हजला निघालेल्या शाझियाकडे एक गरीब बाई पैसे देते: मक्केतल्या पवित्र झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं कफन आण म्हणून. शाझिया विसरते. म्हणजे जी वस्तू आलीच नाही, तिच्यावर सगळी कथा उभी! 'अ टेस्ट ऑफ हेवन'मध्ये तीच गोष्ट पेप्सीची. म्हातारीला पोरं ती स्वर्गातलं पेय म्हणून पाजतात. आमच्यातल्या एकीला ते क्रूर वाटलं, दुसरीला प्रेमाचं. वाद मिटला नाही, आणि मी मिटवायला गेलेही नाही.

शब्दांचं काय करायचं? दीपा भास्ती यांनी इंग्रजी अनुवादात कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच ठेवलेत. ना तिरके ठसे, ना तळटिपा. 'मुतवल्ली'सारखा शब्द आला की अर्थ शोधायला लगेच फोन उचलू नका, दोन पानं पुढं जा. अर्थ प्रसंगातून उमगतो. मूळ भाषा जाणणारं कुणी असेल तर मात्र सोडू नका. सोलापुरात कानडी बोलणारं माणूस शोधावं लागत नाही. शेजारच्या अक्कांनी 'हार्ट लॅम्प' कथेचं मूळ कन्नड नाव सांगितलं, 'एदेय हणते'. एदे म्हणजे छाती, हणते म्हणजे आपली पणती. उरातली पणती! इंग्रजी नावात लखलखीत दिवा दिसत होता. आता वाऱ्यावर हातानं झाकावी लागणारी ज्योत दिसली. त्या दिवशी आम्ही कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली. बुकरचे ५०,००० पौंड लेखिका आणि अनुवादिकेला निम्मे-निम्मे मिळतात. तेव्हा गप्पांतही अनुवादाला तेवढी जागा द्या.

एका वाक्याला आमच्याकडे बंदी आहे: "त्यांच्यात असंच असतं." त्यांच्यात म्हणजे मुसलमानांत. पहिल्या महिन्यात ते दर पाच मिनिटांनी यायचं. मग मेहरूनची कथा झाली आणि बराच वेळ गप्प बसलेली एक जण म्हणाली, "मलाही असंच रिक्षात घालून परत सोडलं होतं." तिचं आडनाव अगदी आपलंच. बंदी तेव्हापासून.

दोष काढायला लाजू नका. बानूबाई कर्नाटकातल्या हासनच्या, पेशानं वकील, कन्नड साहित्यातल्या बंडाय चळवळीतून आलेल्या, नावातच बंड. काही कथांत पात्राऐवजी वकीलच बोलतोय असं मला वाटतं. शेवटची कथा म्हणजे देवाकडे केलेली फिर्याद, तिथं तो सूर शोभतो. इतरत्र दोन-तीनदा मला "आता पुरे" म्हणावंसं वाटलं. 'ब्लॅक कोब्राज'वरून गिरीश कासारवल्लींनी 'हसीना' चित्रपट केलाय. तो कथा वाचून झाल्यावरच बघा, नाहीतर पात्रांना पडद्यावरचे चेहरे चिकटतात.

बैठक संपली की दहा ओळींचं टिपण लिहायचं, कथानक न सांगता. अवघड जातं. कफनावरच्या कथेनंतर एकीनं चारच ओळी आणल्या: शेजारणीनं पंढरपूरहून आणायला सांगितलेली तुळशीमाळ आपण दोन वर्षं विसरलोय, एवढंच. पुढच्या बैठकीला ती उशिरा आली. माळ देऊनच आली होती.