कोचीचा हॉल्ट: दहा तासांची बोट, साडेसहा तासांचा दिवस

एस.टी.त तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा डेपोच्या कंट्रोल केबिनमध्ये. त्यामुळे मुलाने मुंबई-कोची क्रूझची तिकिटं हातात ठेवली तेव्हा मी आधी वेळापत्रक पाहिलं. कोची: आगमन ८.००, प्रस्थान १८.००. बोटीवर शेजारच्या केबिनमधले गृहस्थ खुशीत म्हणाले, "दहा तास! आलेप्पीसुद्धा होऊन जाईल हो, काका."

नाही होत. कागद घ्या आणि शेवटच्या वेळेपासून उलटं लिहीत या.

सहाला सुटणारी बोट तुम्हाला सहाला आत घेत नाही. तिची 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी आत असण्याची, वेळ वेगळी असते आणि ती आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात छापलेली असते. आमची पाच होती. त्याआधी बंदराच्या गेटवर ओळखपत्र, पिशव्यांची तपासणी, शिडीपाशी पुन्हा रांग. सगळी बोट एकाच वेळी परत येते, म्हणून पाऊण तास धरा. झाले सव्वाचार. त्यातून आणखी अर्धा तास मी पंक्चरचा काढतो. पंक्चर होवो न होवो, तो काढायचाच. पावणेचार. आता सकाळची बाजू. बोट आठला धक्क्याला लागली तरी परवानग्या होऊन, बोटीच्या सहलीवाल्यांना आधी सोडून, आपण रिक्षात टेकेपर्यंत सव्वानऊ होतात. हातात उरले साडेसहा तास.

आलेप्पी पन्नास किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन तीन-चार तास रस्त्यावरच जाणार. जायचंच असेल तर बोटीच्या अधिकृत सहलीने जा. त्यांची बस अडकली तर बोट थांबते. तुमची टॅक्सी अडकली तर तुम्ही बोटीकडे बघून हात हलवायचा.

आता नकाशा. बोट लागते विलिंग्डन आयलंडवर. हे बेट मुळात देवाने केलेलं नाही. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ते गेल्या शतकात उभं केलं. पूर्वेला पूल ओलांडला की एर्नाकुलम, पश्चिमेला ओलांडला की मट्टनचेरी आणि त्याच्या पुढे फोर्ट कोची. एकच बाजू निवडायची. मी पश्चिम घेतो. एर्नाकुलमची दुकानं आपल्याकडेही आहेत.

आणि लांबचं आधी उरकायचं. फोर्ट कोची बंदरापासून सात-आठ किलोमीटर, मट्टनचेरी वाटेवर. दिवस सरत जाईल तसं आपण बोटीच्या जवळ आलं पाहिजे. परतीची गाडी संध्याकाळी डेपोकडे तोंड करून असते, तसं.

गेटबाहेर रिक्षावाले "सगळं दाखवतो, अगदी थोडक्यात" म्हणतात. थोडक्यात ते यासाठी, की मधे मसाल्याच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या दोन-तीन दुकानांत तुम्हाला फिरवलं की त्याला तिथून कमिशन असतं. त्यात तासभर जातो. आम्ही बसण्याआधीच ठरवलं: पैसे थोडे जास्त घे, पण दुकान नको. तो हसला आणि मान्य झाला. त्याचा नंबर घेतला, आमच्या रिक्षाचा फोटो काढला, परतीची वेळही त्याला तेव्हाच सांगितली.

फोर्ट कोचीत पहिली ती चिनी जाळी. लांबून फोटोत मजेशीर दिसतात, पण पाच मिनिटं जवळ उभं राहावं. लाकडी वासे, त्यांना ताणलेलं भलंमोठं जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. एक जण वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत जातो आणि त्याच्या वजनाने सगळा सांगाडा वाकून जाळं बुडतं. मग चार-पाच जण दोर ओढतात, दगड एकेक करून खाली उतरतात, जाळं वर येतं. आमच्या समोर आलं त्यात मूठभर चंदेरी मासळी, एक खेकडा आणि घमेलंभर जलपर्णी. एवढ्या खटाटोपाला एवढंच! ते दोर तुमच्याही हातात देतात. ओढून झाल्यावर पैसे मागतात, तेव्हा सुट्टे जवळ असू द्या.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च चालत. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला इथेच पुरलं होतं. पुढे १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, दगड तेवढा राहिला आहे. बघायला वीस मिनिटं पुरतात. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तो वार आला तर क्रम बदला.

वारांवरून आठवलं. पहिल्या खेपेला आम्ही पोचलो तो शुक्रवार होता. मट्टनचेरीच्या डच पॅलेसला शुक्रवारी सुट्टी. अकरा वर्षं लोकांना "ही गाडी फक्त बाजारच्या दिवशी" असं ओरडून सांगणारा मी, कुलपासमोर उभा. सौ. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. तेव्हा प्रत्येक ठिकाणाच्या नावापुढे बंद वार आणि दुपारची सुट्टी घरूनच लिहून न्या. ज्यूंच्या परदेसी सिनेगॉगला शनिवारी सुट्टी, शुक्रवारीही दुपारनंतर बंद. एरवी दुपारी एक ते तीन मधली सुट्टी असते.

म्हणून दुसऱ्या खेपेला साडेअकराला आधी सिनेगॉग. १५६८ सालचं. पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या. आत अनवाणी जायचं असतं, ते बरंच. फरशीचा गारवा पायाला लागतो. मग पॅलेस. बांधला पोर्तुगीजांनी, दिला कोचीच्या राजाला, डागडुजी केली डचांनी आणि नाव राहिलं डचांचं. आतली रामायणाची भित्तिचित्रं मात्र सावकाश बघा. दशरथाच्या यज्ञापासून सुरुवात होते. सौ.ने गुडघे धरून अर्धा तास उभ्याने पाहिली.

जेवण एकच्या सुमारास, मट्टनचेरीतच. परतीच्या पुलाच्या अलीकडे पोटपूजा झालेली बरी.

उरलेला तास आम्ही चेरलाईत काढला. सोळाव्या शतकात गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती, त्यांचं तिरुमल देवस्थान तिथेच. दुपारी देऊळ बंद होतं, पण एका दुकानात पापड घेताना आतली बाई नोकराशी कोंकणीत बोलली. सौ. मालवणची. तिने मालवणीत उत्तर दिलं आणि दोघी अशा सुरू झाल्या की माझा पंक्चरचा अर्धा तास तिथेच खर्ची पडला. पापड दोन किलो झाले.

खिशात एवढं ठेवा: बोटीचं कार्ड, आधार, पत्रकावर छापलेला बंदर एजंटचा फोन नंबर. बोट खोल समुद्रात गेली की मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर उपग्रहाचं बिल येतं.

वेळेत आत आलात तर चहा घेऊन वरच्या डेकवर जा आणि निघताना डाव्या कठड्याशी जागा धरा. बोट फोर्ट कोचीला घासूनच बाहेर पडते. सकाळची तीच जाळी आता वरून, उतरत्या उन्हात दिसतात. उजवीकडे गर्दी कमी असते, पण तिकडे समोरचं वायपीन बेट आहे.