वेष पालटून किल्ल्यात शिरणारा नायक: या चुका टाळा

युरोपच्या मध्ययुगावर कथा-एकांकिका लिहिणारी बरीच मुलं मला संहिता वाचायला देतात. नायक वेष पालटून शत्रूच्या किल्ल्यात शिरतो हा प्रसंग त्यांत हमखास असतो, आणि तो हमखास एकाच जागी कोसळतो.

ती जागा म्हणजे पहारेकऱ्याचे कपडे. नायक एकाला झुडपामागे ओढतो, त्याचं चिलखत चढवतो आणि सरळ आत जातो. कोणी हटकत नाही. एका एकांकिकेच्या तालमीत मी लेखकाला विचारलं, "या किल्ल्यावर शिबंदी किती?" तो म्हणाला, "असतील चार-पाचशे." वेल्समधला कार्नार्व्हन केवढा अजस्र किल्ला, पण १४०४ साली तो लढवत होती २८ माणसं! एवढी माणसं एकत्र जेवतात, एकमेकांचं घोरणंसुद्धा ओळखतात. तिथे एकोणतिसावा चेहरा खपत नाही. मी त्याला शिबंदीचा नामजाबिता करून आणायला सांगितलं: नाव, काम, झोपायची जागा. तो चिडला. पण यादी करताना त्यालाच कळलं की आत जाऊ शकतो तो पहारेकरी नव्हे, पहारेकऱ्यांना ज्याची गरज पडते तो. तेव्हापासून यादी नसेल तर मी असा प्रसंग वाचायला घेत नाही.

दुसरी चूक, सगळा भर वेषावर देणं. वेल्समध्येच कॉनवीचा किल्ला १ एप्रिल १४०१ रोजी पडला. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. पंधरा शिलेदार आणि साठ तिरंदाजांची इंग्रज शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेली होती, दारावर उरले होते दोघे. एक सुतार नेहमीच्या कामाला आल्याचं भासवत दाराशी आला, असं समकालीन बखर सांगते. ते दोघे मारले गेले आणि ऱ्हिस आणि ग्विलिम या वेल्श बंडखोर ट्यूडर भावांची चाळीसेक माणसं आत घुसली. यात खोटी दाढी कुठेच नाही. सुतार येणं रोजचंच होतं आणि वेळ अचूक साधली होती. शिबंदी कधी बाहेर जाते, मागे किती जण राहतात, हे आधी कोणीतरी नीट पाहून ठेवलेलं असणार. नवशिक्यांना नेमकी ही पाळत लिहायचा कंटाळा येतो. तेवढी दोन पानं गाळली की उरतो तो निव्वळ योगायोग, आणि वाचक तो लगेच ओळखतो.

दार उघडलं म्हणजे ते उघडंच राहील असंही धरू नका. वरून लोखंडी जाळी खाली आली की आत गेलेले चौघे सापडलेच. स्कॉटलंडमध्ये लिनलिथगोला शिबंदीला गवत पुरवणाऱ्या शेतकऱ्याने गवताखाली माणसं दडवली आणि गाडी बरोबर दारातच उभी केली, म्हणजे जाळी खाली येईना. दार अडवायचं कशाने, हे मी प्रसंगाच्या पहिल्या ओळीआधी ठरवायला लावते.

बाकीचं थोडक्यात. भिक्षूचा झगा घातलात तर डोक्याचा मधला भागही भादरा. शेतकऱ्याचं सोंग घेणाऱ्या सरदाराचे हात दाखवू नका. इंग्रज शिबंदीपुढे वेल्श माणूस तोंड उघडेल तेव्हा काय होईल, ते लिहा. आणि रात्री दार ठोठावू नका. हिरकणी गडावर रोज दूध घालणारी होती, तरी सूर्यास्तानंतर तिला दार उघडलं नाही, असं आपली आख्यायिका सांगते. मग अनोळखी यात्रेकरूला कोण उघडणार?

आत शिरल्यावर पडदा पाडायची घाई तर मला मुळीच चालत नाही. कॉनवी घेणाऱ्यांना पुढे वेढा पडला, वाटाघाटी झाल्या. शेवटी त्यांनी आपल्याच नऊ साथीदारांना रात्रपाळीनंतर झोपेत बांधून इंग्रजांच्या हवाली केलं. त्या नऊ जणांना हालहाल करून मारण्यात आलं. किल्ला हाती आला की धान्य, फितुरी, तह हे सगळं ओघाने येतंच. तेवढं लिहायची तयारी नसेल तर नायकाला किल्ल्यात पाठवू नका.